पिकअपच्या तोंडाला बांधलेलं फडकं

आमची पिकअप म्हातारी आहे, पेट्रोलवर चालणारी, कार्बोरेटरवाली. आईची मासळी खारदांड्याहून मालाडच्या मार्केटात मीच पोचवते. मागच्या वर्षी या गाडीने मला जो त्रास दिला, तो सासूनेसुद्धा दिला नाही. आई मात्र देते, पण ते पुढे सांगते.

सिग्नलला थांबलं की इंजिन गचके द्यायचं आणि बंद. पुन्हा चालू केलं की मागून काळाकुट्ट धूर, आणि पेट्रोलचा असा वास की पाटीतले बोंबीलही लाजतील. रिक्षावाले हॉर्न मारून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. प्लग काढले तर काजळी धरलेली. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय आणि हवा कमी पडतेय, एवढं मलाही कळत होतं. हवेचा फिल्टर उघडून बघितला, तो स्वच्छ. मग डोक्याला हात लावून बसले.

वाकोल्याच्या मेकॅनिककडे नेली की हीच बया लोण्यासारखी चालायची. बाबा माझ्यासोबत यायचा, शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकायचा. मेकॅनिकने प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, चक्कर मारून आला आणि म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की त्याचा पाना त्याच्याच पायावर टाकावासा वाटला.

बाबाबद्दल सांगायला हवं. त्याचा जन्म बोटीवर गेला. बोट विकली तेव्हापासून तो रोज पहाटे पिकअपमध्ये माझ्या शेजारी बसून मार्केटात यायचा. आईच्या ओट्यामागे डब्यावर बसायचा आणि गिऱ्हाइकाने विचारलं की खरं सांगून टाकायचा. हे पापलेट कालचं आहे. ही सुरमई बर्फात झोपून आलीय. एका हॉटेलवाल्याने त्यामुळे आमच्याकडे येणंच सोडलं. त्या दिवशी आईने बाबाचं मार्केटात येणं बंद केलं. मलाही त्याचा वैतागच आला होता. तेव्हापासून पहाटे मी निघायचे तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. आणि गाडीची रडारड सुरू झाली ती तेव्हापासूनच. पण हा हिशोब मेला तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार?

एके सकाळी गोरेगावला ती अशी मेली की उठेचना. मागे बर्फ वितळून पाणी रस्त्यावर गळायला लागलं. बॉनेट उघडून मी एकेक पाईप चाचपत गेले. हवा आत घेणारा रबरी पाईप हेडलाइटच्या मागे वाकून खाली जातो, तिथे डोळ्याला काही दिसत नाही. हात घातला तर हाताला फडकं लागलं. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, खाऱ्या दमटपणाने कडक झालेला, बोटीवरची गाठ मारून पाईपच्या तोंडाला घट्ट बांधलेला. ती गाठ आमच्या घरात एकच माणूस मारतो.

बोटीवर मशीन थंड झालं की त्याचं तोंड बांधतात, खारं वारं आत जाऊ नये म्हणून. आणि रीत अशी की ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. बाबा संध्याकाळी बांधायचा आणि पहाटे गाडीत बसण्याआधी सोडायचा. त्याचं बसणंच बंद झालं, बांधणं काही सुटलं नाही. वाकोल्याला मात्र तो सोबत असायचा, म्हणून निघण्याआधी गाठ सुटलेली असायची.

फडकं काढल्यावर थोडा धूर ओकून गाडी सुरू झाली. मार्केटात पोचले तेव्हा गिऱ्हाईक पांगलेलं होतं. आईने फडकं बघितलं, गाठ बघितली आणि कमरेला खोचून ठेवलं.

घरी आल्यावर तिने ते बाबाच्या जेवणाच्या ताटात टाकलं. तो शांतपणे म्हणाला, मशीन झाकायलाच लागतं, आणि सोडायला मला उठवायचं होतं. चोराच्या उलट्या बोंबा, असं मी पुटपुटले. आई मात्र अगदी थंड आवाजात बोलली.

"मशीनचं कशाला बांधलंत? स्वतःचं तोंड बांधलं असतंत, तर मार्केटात नेलं असतं."

बाबाने फडक्यावरची आमटी झटकली आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चावी घेऊन बाहेर आले, तर तो पिकअपमध्ये त्याच्या जागेवर बसलेला. नाकाखालून हनुवटीपर्यंत तेच फडकं बांधलेलं, मागे तीच गाठ. मी आईकडे बघितलं. ती मागे पाट्या चढवत होती. म्हणाली, बसू दे. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली आणि मालाडपर्यंत एकदाही अडली नाही. सगळा रस्ता मी आरशात धूर शोधत होते, शेजारी बघायचा धीर झाला नाही.

मार्केटात लोक विचारायला लागले, तर आईने सांगितलं की दाढ दुखतेय. मग तो हॉटेलवाला आला, किती महिन्यांनी. पापलेट उलटंपालटं केलं, आईवर त्याचा विश्वास नव्हताच. त्याने मागे डब्यावर बसलेल्या बाबाला विचारलं, "काका, आजचं आहे ना?"

पापलेट परवाचं होतं. बाबाने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवून हो म्हणाला.