चहा संपेपर्यंत लटकणारी गिटार

"बाई, सरसाचं पातेलं थंडगार पडलंय. कधी येतीस?" आमच्या शेजारच्या गिटारवाल्या बसवअप्पांच्या बायकोचा, शिवम्मांचा फोन आला तेव्हा मी माहेरी होते, भंडाऱ्याकडं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. लाकूड चिकटवायच्या सरसाचं पातेलं थंड कसं पडेल? अप्पा त्याखालचा विस्तव कधी विझू देत नसत. मी म्हटलं, "अप्पांना द्या ना फोन." त्या म्हणाल्या, "त्यांना काल मातीत बसवलं गं. झोपेतच गेले. तू एवढी लांब, येणार कशी, म्हणून आज कळवलं." मी सासरी, उमरग्याला पोचेपर्यंत रडले कमी आणि घाबरले जास्त. तुळजापूरच्या एका संगीत शिकवणाऱ्या ताईंची गिटार अर्धवट होती. पोकळ पेटी तयार, मान तयार, पण दोन्हींचा सांधा राहिलेला. तो आता कोण करणार?

बसवअप्पांचं पत्र्याचं शेड हायवेला लागून. त्यांचा निम्मा जन्म ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधण्यात गेला. एकदा हैदराबादकडच्या एका ड्रायव्हरनं मान निखळलेली गिटार आणली, "अप्पा, जान है ये मेरी, कुछ तो करो." अप्पांनी तोवर गिटार हातातसुद्धा धरली नव्हती. त्यांनी मान ओढून बाहेर काढली, तिच्या टोकाचं लाकडी कुसू बघितलं आणि हसायलाच लागले. "आरं, ह्यो तर बैलगाडीच्या चाकाचा आरा हाय! आरा मधल्या तुंब्यात बसतोय, तशी ही पेटीत बसलीया." ड्रायव्हरनं ही गोष्ट वाटेतल्या प्रत्येक ढाब्यावर सांगितली असणार, कारण पुढं सोलापूर-गुलबर्ग्याहून माणसं मोडक्या गिटारी घेऊन यायला लागली. मग अप्पा नव्या बनवायला लागले. कपाळावर विभूती, कानावर पेन्सिल, आणि मांडीवर कुणाची तरी गिटार. वाजवायला मात्र ते कधीच शिकले नाहीत. "वाजवणारे लई हायत," म्हणायचे.

शेजारीच माझ्या नवऱ्याचं पंक्चरचं दुकान. लग्न होऊन या मुलखात आले तेव्हा इथली निम्मी बोली मला कळत नव्हती, आणि शिवम्मा रागावल्या की कानडीत शिरायच्या, ते तर मुळीच नाही. शाळा सहावीत सुटलेली. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचा माझा स्वभाव. चुलीसाठी ढलप्या मागायला शेडमध्ये गेले, ते अप्पांनी हातात पॉलिशपेपर दिला आणि म्हणाले, "घास बघू." घासण्यात माझं मन लागलं. पुढं एक दिवस त्यांनी मला फर्म्यापाशी उभं केलं. फर्मा म्हणजे लाकडाचा पक्का सांगाडा. त्यात मान आवळून बसवायची आणि कडेच्या पट्टीला टेकवून कापायचं मशीन फिरवायचं. पट्टीच्या बाहेर ते जात नाही.

"मला भीती वाटते, अप्पा. चुकून भलतंच कापलं गेलं तर?"

"वाटू दे की. धीट माणसाला फर्मा कशाला लागतोय? त्यो डोळ्यानं कापतो अन् चुलीत घालतो. हे फर्मे समदे भित्र्या माणसांसाठीच केल्यात. मीबी त्यातलाच."

अडचण एकच होती. अप्पा डावरे. त्यांच्या सगळ्या फर्म्यांच्या मुठी डावीकडं. त्या मला उजव्या हाताला याव्यात म्हणून मी टेबलाच्या पलीकडून, त्यांच्या समोर उभी राहायची. ते मशीन पुढं ढकलायचे, मी तेच स्वतःच्या पोटाकडं ओढायची, जीव मुठीत धरून. शिवम्मा दारातून म्हणायच्या, "लाकूड कापताय का समोरासमोर बसून दळताय?"

असंच उलटं उभं राहून मी दोन खिडक्यांचं डोकं करायला शिकले. काही गिटारींच्या डोक्यात दोन लांब खाचा असतात, तारा त्यांतून आत उतरतात. त्यांना अप्पा खिडक्या म्हणायचे. तारा पिळायच्या चाव्यांची भोकं आधी पाडायची, खिडक्या नंतर. उलटं केलं तर आतलं लाकूड उचकटतं. पण खरी परीक्षा मानेच्या सांध्याची. सरस लावण्याआधी अप्पा कोरडीच मान पेटीत बसवायचे, गिटार डोक्याकडून आढ्याच्या आकड्याला लटकवायचे, खाली गोधडी अंथरायचे आणि शिवम्मांना चहा मागायचे. चहा संपेस्तोवर पेटी लटकत राहिली तर सांधा पास. माझी पहिली गिटार धपकन गोधडीत पडली. अप्पांनी शांतपणे कपात बघितलं आणि म्हणाले, "अर्ध्या कपाची झाली. पुढची पुऱ्या कपाची कर." पुढच्या वेळी मी भीतीपोटी कुसू जाड ठेवलं आणि ठोकून बसवायला हातोडी उचलली. त्यांनी हात धरला. "निधान, निधान..." हा त्यांचा कानडी शब्द, म्हणजे सावकाश. "हातानं बसलं पायजे अन् हातानंच निघालं पायजे. ठोकलं की पेटी आतनं फुटती." पुढं माझ्या कितीतरी गिटारी पुऱ्या कपाच्या झाल्या. तरी गिऱ्हाइकाच्या गिटारीचं कुसू कापायला आणि सरस लावायला अप्पाच लागत. मलाही तेच बरं वाटायचं.

माहेरी निघाले त्या सकाळी त्यांनी माझा उजवा पंजा प्लायच्या तुकड्यावर ठेवायला लावला आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. "हे काय, अप्पा?" "तू न्हाईस तवर ह्यो हात कामाला लावतो," म्हणाले आणि स्वतःच हसले. तीच शेवटची भेट...

परत आले तर शिवम्मांचा पुतण्या शेडचं माप घेत होता. त्याला तिथं खताचं गोदाम करायचं होतं. त्याचंही काही चुकत नव्हतं, शेड रिकामं ठेवून काय करायचं? शिवम्मा म्हणाल्या, "ताईंची गिटार ह्या बाईच्या हातनं पुरी झाली तर शेड ऱ्हाईल. न्हाय झाली तर किल्ली तुझी." टेबलावर कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं. उचललं तर मानेचा नवाकोरा फर्मा, आणि मूठ उजवीकडं. मी हात ठेवला. बोटं जिथल्या तिथं बसली. पलीकडं उभं राहायची गरजच उरली नव्हती... पहिल्यांदाच मी शेडच्या खिडकीच्या बाजूला, अप्पांच्या जागी उभी राहिले आणि मशीन पुढं ढकललं.

गिटार आकड्याला लावली. गोधडी अंथरली. शिवम्मांनी चहा आणला, तोही कपात नाही, भल्या मोठ्या स्टीलच्या पेल्यांत. एरवी त्या दोन घोटांत चहा संपवतात. त्या दिवशी संपता संपेना.

"काकू, गार झाला की," पुतण्या म्हणाला.

"गप. निधान पी."

पेटी हलली नाही. शिवम्मांनी पेला पालथा घातला, पुतण्याकडं बघितलं, आणि सरसाच्या पातेल्याखाली जाळ केला. पुतण्यानं मुकाट्यानं मापाची टेप गुंडाळली, मग गोधडीची घडी करायला वाकला.

गिटार तुळजापूरला गेली. शेडमध्ये आता आणखी कामं आहेत, आणि कापताना अजून माझी छाती धडधडते. धडधडू दे. नव्या फर्म्याच्या मुठीच्या कडेला पेन्सिलीची बारीक रेघ राहिलीय, माझ्या अंगठ्याच्या बाहेरून फिरलेली. अप्पांना ती घासायला वेळ मिळाला नसावा. या शेडमधलं प्रत्येक लाकूड मी घासते, माझं पहिलं कामच ते. तेवढी रेघ मात्र तशीच ठेवलीय.