भिंतीवरची गोलकीपर

माझ्या मुलीचा दोन मजली फोटो तिच्या युनिव्हर्सिटीच्या आइस हॉकी रिंकच्या बाहेरच्या भिंतीवर जवळजवळ चार वर्षं लटकत होता. हातात मास्क, पंखा लावून उडवलेले केस, मागे मशीनमधून सोडलेला धूर, आणि चेहऱ्यावर असा भाव की आत्ता कुणाचा तरी जीव घेईल. खाली मोठ्या अक्षरांत 'वी आर फॅमिली'. पाहुण्या टीमचे आईबाप पार्किंगमधून येताना त्या फोटोकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, रंगावरून अंदाज बांधायचे आणि विचारायचे, "तुमची मुलगी टीमची स्टार दिसतेय?" मी नुसती हसायचे. आत गेलं की स्टार ब्लेझर घालून स्टँडमध्ये सगळ्यात वरच्या रांगेत बसलेली असायची. मांडीवर टॅबलेट. कुठल्या मुलीने कुठून शॉट मारला ते त्यात भरायचं, एवढंच तिचं मॅचमधलं काम.

आइस हॉकीच्या टीममध्ये तीन गोलकीपर असतात. पहिली खेळते, दुसरी सगळे पॅड बांधून बाकावर बसते, आणि तिसरीला मॅचच्या दिवशी स्केट्ससुद्धा चढवायला मिळत नाहीत. माझी लेक तिसरी. चारही वर्षं तिसरी.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दोघी हिच्यापेक्षा सरस होत्या. हे मला तिनेच सांगितलं, आणि ती या बाबतीत स्वतःला सवलत देत नाही. माझं हॉकीचं ज्ञान ते किती? मी नागपूरची, इथे अमेरिकेत नोव्हाय गावात मोटारींच्या सीट डिझाइन करते. लेक लहान असताना शेजारच्या पोरींबरोबर बर्फावर गेली. गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार नव्हतं म्हणून हिला उभं केलं, आणि ती जी उभी राहिली ती राहिलीच. पुढची सगळी वर्षं पहाटे रिंकवर सोडण्यात आणि तिचे घामट पॅड गॅरेजमध्ये वाळत घालण्यात गेली. त्या वासामुळे नवरा भर बर्फातही गाडी बाहेर लावायचा. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकीने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक काकू भेटल्या की न चुकता म्हणायच्या, "पोरीला डान्स क्लासला घातलं असतंस तर?" मी त्यांच्या ताटात आणखी एक वडा वाढायचे. तोंड भरलेलं राहायचं.

तेव्हा तिला खेळवलं नाही म्हणून माझा राग नव्हता. राग होता तो त्या अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटवर.

अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंट हे काय प्रकरण असतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगून पटत नाही. आमच्या कॉलेजात पी.टी.चे एक सर होते, गळ्यात शिट्टी आणि खिशात कपाटाची किल्ली. झालं डिपार्टमेंट. इथे एक अख्खी काचेची इमारत. तीत डायरेक्टर, डेप्युटी डायरेक्टर, असोसिएट डायरेक्टर, आणि या सगळ्यांना कॉफी आणून देणारा तो असिस्टंट डायरेक्टर. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचं, गळ्याशी अर्धी चेन असलेलं पुलओव्हर, आणि सगळ्यांच्या तोंडी फॅमिली, फॅमिली, फॅमिली. त्यातल्या एका बाईंच्या पदाचं नाव होतं विद्यार्थी-खेळाडूंच्या अनुभवाच्या डायरेक्टर. मी विचारलं, म्हणजे तुम्ही नेमकं काय करता? त्या म्हणाल्या, "वुई क्रिएट मेमरीज." मला वाटलं गंमत करतायत, म्हणून मी हसले. त्या हसल्या नाहीत.

या अनुभवबाईंना माझी लेक भारी प्रिय. गोऱ्यापान टीममध्ये ही एकटी सावळी, म्हणजे हिला कॅलेंडरवर घ्या, तिकिटावर छापा, देणगीदारांच्या जेवणात पहिल्या टेबलावर बसवा. एकदा त्यांनी दिवाळीला हिच्या हातात पणती देऊन, अंगात जर्सी घालून फोटो काढायचं ठरवलं. हिने सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत, आमचा मोठा दिवस चौदा एप्रिल. अनुभवबाईंनी कॅलेंडर बघितलं आणि फार वाईट वाटल्यासारखं तोंड करून म्हणाल्या, "ओह, तोवर सीझन संपलेला असतो." हिने फोनवर मला हे सांगितलं तेव्हा हसून हसून माझ्या पोटात दुखलं. ती मात्र अर्धवटच हसली.

लेकीला त्या सगळ्यातलं काही नको होतं. तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिने मला शेवटच्या वर्षाच्या आधी, सुट्टीत, कणीक मळता मळता सांगितली. "आई, जस्ट वन्स. प्रॅक्टिसमधला नाही, खऱ्या मॅचमधला खरा शॉट. समोरच्या मुलीला गोल करायचाय आणि मला अडवायचाय. दॅट्स इट." मी म्हटलं, "आणि नाही अडवला तर?" ती म्हणाली, "तर नाही अडवला, यार. पण माझ्यावर मारला तर पाहिजे ना कुणीतरी."

फेब्रुवारीत तिचा फोन आला. आवाजावरूनच मला कळलं. सीनियर नाइटला, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलींचा निरोप असतो त्या मॅचला, टीम चांगली पुढे असेल तर शेवटची काही मिनिटं कोच हिला उतरवणार होता. हा कोच आमच्या घरी हिला टीममध्ये घ्यायला आला होता तेव्हा तीनदा पोहे मागून घेऊन म्हणाला होता की संधी नक्की मिळेल. इतकी वर्षं त्या पोह्यांची मला हळहळ वाटत होती. त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात माफ केलं.

दोन दिवसांनी डिपार्टमेंटकडून पालकांसाठी ईमेल आली. खेळाडूंचे आईवडील बर्फावर अंथरलेल्या गालिच्यावरून मुलीचा हात धरून चालणार, वगैरे. आमच्या ईमेलमध्ये खाली एक जादा ओळ होती. आम्ही पारंपरिक पोशाखात आलो तर फारच सुंदर दिसेल. मी खरं तर साडी इस्त्री करून बॅगेत ठेवली होती. ती काढली आणि गेली कित्येक वर्षं अंगणातला बर्फ उपसताना घालते ते फुगीर जॅकेट घातलं. नवरा म्हणाला, "अगं, कुणावर राग काढतेयस?" मी म्हटलं, "ज्यांच्यावर काढायचा त्यांच्यावरच." सहा तास गाडी हाकत आम्ही गेलो आणि त्या जॅकेटात मी गालिच्यावरून चालले. अनुभवबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मॅचमध्ये आमची टीम बघता बघता चार गोलांनी पुढे गेली. शेवटचं सत्र सुरू झालं. आज लेक बाकावर होती, पूर्ण पॅड बांधून. मी खेळ बघतच नव्हते, कोचकडे बघत होते. थोडी मिनिटं उरली तेव्हा दोन कॅमेरावाले धावत गोलच्या मागच्या काचेशी जाऊन उभे राहिले. कोचने हात केला तो त्यानंतर. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं, पण तेव्हा मी भानावर नव्हते. बाकाचं दार उघडलं आणि माझी लेक बर्फावर उतरली. गोलसमोरचा बर्फ तिने स्केट्सनी खरवडून घेतला, दोन्ही खांबांना स्टिक लावून बघितली आणि वाकून उभी राहिली. भिंतीवरच्या फोटोत आहे त्यातलं काहीही तेव्हा तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. मास्कच्या आत चेहरा दिसतच नव्हता.

पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, बराच वेळ मधेच फिरत राहिली. मग समोरच्या टीमची एक उंच मुलगी ती घेऊन सगळ्यांच्या पुढे सुटली. मध्ये कुणी नाही, फक्त माझी लेक. मी उठून उभी राहिले. मुलगी जवळ आली, स्टिक मागे नेली, आणि मग अचानक वळून गोलच्या मागे निघून गेली. मी ओरडले, "घाबरली! घाबरली रे पोरगी!" चक्क मराठीत, सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असं. मग भोंगा वाजला, टीम हिच्या अंगावर कोसळली, मी रडत होते, आणि शेजारी जी बाई होती तिला मी घट्ट मिठी मारली. ती अनुभवबाई होती.

बाहेर पार्किंगमध्ये लेक येईपर्यंत माझं फोनवर बहिणीला, नणंदेला, सगळ्यांना कळवून झालं होतं. ती ओल्या केसांनी गाडीत मागे बसली. मी म्हटलं, "काय टरकली ना ती तुला बघून!"

नवऱ्याने गाडी सुरू केली. मग ती म्हणाली, "आई, ती घाबरली नव्हती. त्यांना सांगितलेलं, डोन्ट शूट. मागून जाताना ती मला सॉरी म्हणाली."

"कुणी सांगितलं?"

"आय डोन्ट नो. मला एक पण शॉट नाही मिळाला. एक पण नाही, आई." आणि ती रडायला लागली. कॉलेजात गेल्यापासून मी तिला रडताना बघितलं नव्हतं. इतक्या आनंदाने टाळ्या वाजवलेले माझे हात मला कुठे ठेवावे कळेना.

कुणी सांगितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. डिपार्टमेंटने पालकांसाठी पॅनकेकचा नाश्ता ठेवला होता. लेक आली नाही, आम्ही दोघं गेलो. अनुभवबाई स्वतःहून जवळ आल्या आणि मोठ्या कौतुकाने सांगू लागल्या की हे सगळं त्यांनीच जमवून आणलं होतं. समोरच्या कोचशी आधीच बोलून ठेवलं होतं. "तिची आठवण खराब व्हायला नको होती आम्हाला." अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला तिथे त्या सिरपच्या वासात कळलं. पोरीला मैदानात उभं करायचं आणि समोरच्यांना खेळू नका म्हणून सांगायचं! लहान भावंडाला खेळात लिंबूटिंबू घेतात तसं, एका वाढलेल्या, चार वर्षं घाम गाळलेल्या बाईला. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी कॅमेरावाल्याला बोलावलं. पालक म्हणून दोन शब्द बोलाल का? तुमच्या भाषेतसुद्धा चालेल, उलट फारच सुंदर वाटेल.

मग मी माझ्या भाषेत बोलले. हात जोडून, गोड हसून म्हटलं, "नमस्कार. माझ्या मुलीला तुम्ही चार वर्षं भिंतीवर टांगलंत आणि शेवटी तिच्या तोंडाला पानं पुसलीत. तुम्हाला खेळातलं काही कळत नाही आणि माणसांतलं त्याहून कळत नाही. फॅमिली म्हणायची जरा तरी लाज बाळगा. धन्यवाद." नवरा खाली मान घालून पॅनकेक कापत होता. अनुभवबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "सो ब्युटिफुल," त्या म्हणाल्या.

त्यांनी तो व्हिडिओ पियानोचं संगीत आणि लाल बदाम लावून सगळीकडे टाकला. नोव्हायमधल्या अर्ध्या मराठी घरांतून मला फोन आले. वडेवाल्या काकू तर हसता हसता ठसका लागून खोकायला लागल्या. म्हणाल्या, "काय झोडपलंस गं!" चार दिवस मी हवेत होते. वाटलं, जिरवली.

मार्चच्या सुट्टीत लेक घरी आली. तोपर्यंत सीझन संपला होता. व्हिडिओ तिने बघितलेला होताच, तरी मी परत लावला. ती हसली, मला जवळ घेतलं, म्हणाली, "यू रोस्टेड देम, आई." मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "पण त्यांना कळलंच नाही ना. आणि माझं तर काहीच झालं नाही." ती वर जाऊन झोपली. मी स्वयंपाकघरात तशीच बसले. माझ्या सगळ्या शहाणपणातून तिच्या पदरात काही पडलं नव्हतं.

दोन दिवसांनी भर दुपारी तिने गॅरेजमधून पॅड काढले. आमच्या गावच्या रिंकवर दुपारी कुणीही येऊन खेळतं. बहुतेक रिटायर झालेले मोटार कंपन्यांतले लोक, पोटं सुटलेले, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. गोलकीपर त्यांना कधी मिळत नाही, त्यामुळे हिला बघून ते खूश झाले. मी काचेमागे कोट घालून बसले. एक टकला माणूस पक घेऊन आला, समोर मुलगी बघितली आणि हळूच, नातीला द्यावी तशी, तिच्याकडे सरकवली.

लेकीने ती परत त्याच्याकडे ढकलली आणि स्टिक बर्फावर दाणकन आपटली. "शूट इट!" ती ओरडली. "लाइक यू मीन इट!"

टकल्याने तिच्याकडे नीट बघितलं. मागे गेला, वेग घेतला आणि सगळा जीव लावून मारला. ती झेपावली. पक तिच्या ग्लव्हला चाटून जाळ्यात गेली. तिने आत वाकून ती उकरून काढली, चिडून स्वतःलाच काहीतरी बोलली, त्याच्याकडे फेकली आणि म्हणाली, "अगेन."

माझ्या मुलीवर गोल झाला होता. मी उभी राहून टाळ्या वाजवत होते.