लाल पाठीचा भुंगा

ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, सांभाळून घ्या. चौथीनंतर मी फारसं लिहिलंच नव्हतं. मीनाताईंनी लिहायला लावलं, आणि त्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले.

इथे अमेरिकेत, सनीव्हेलला, मुलगा-सून ऑफिसला गेले की घरात मी एकटीच. म्हणून ओढ्याकाठी फिरायला जायचे. तिथे एक बाई जाळी घेऊन झुडपात वाकल्या होत्या आणि चक्क मराठीत पुटपुटत होत्या, "हलू नकोस रे बाळा." मला हसू आलं. मागे न बघताच म्हणाल्या, "हसताय काय, बाटली धरा." त्याच मीनाताई. रिटायर झाल्यापासून त्या रानभुंग्यांची नोंद ठेवत. भुंगा बाटलीत घ्यायचा, बर्फाच्या डब्यात ठेवायचा, गारठून गप्प झाला की नीट बघायचा आणि उन्हात सोडायचा. त्यांच्याकडच्या फोटोतला लाल पाठीचा आणि इथला काळ्या पाठीचा, मी वहीत दोन वेगळ्या जाती लिहिल्या. "अहो, जात एकच. पाठ फसवते, खांदे बघा. पिवळ्यात काळे केस, राख उडाल्यासारखे." लाल उत्तरेकडे असतात म्हणे. इथे एक तरी दिसावा, असं त्यांना फार वाटायचं.

एकदा मी अक्षर सुबक काढत बसले आणि भुंग्यांची एक राणीमाशी बर्फात फार वेळ राहिली. ताईंनी बाटली तळहातांच्या उबेत तासभर धरली... शेवटी तिचा एक पाय हलला. रागावल्या नाहीत. "अक्षर कोण बघतंय? आधी तिला सोडा, मग लिहा."

माझ्या प्रत्येक नोंदीपुढे त्या बरोबरची खूण करत. त्याशिवाय मला खरं वाटत नसे. पुढे त्या आजारी पडल्या. मी हॉस्पिटलात वही नेली, तर पेन्सिल माझ्याकडेच सरकवली. "आता खूण तुम्हीच करायची."

"मला नाही जमणार, ताई."

"डोळे तुमचेच आहेत ना?"

त्यानंतर भेट झाली नाही.

परवा ओढ्याकाठच्या पांढऱ्या फुलांवर एक भुंगा दिसला. पाठ लाल. बाटलीत घेतला, बर्फाच्या डब्यात ठेवला. खांदे पाहिले. राख होती. शेपटीकडचा पिवळा पट्टा पाहिला. आधी सोडला, मग लिहिलं. मागे वळून हाक मारणार होते... तिथे कुणी नव्हतं. घरी कुणाला सांगितलं असतं, तर "छान" म्हणाले असते.

वही मांडीवर घेऊन नोंद पुन्हा एकदा वाचली. मग खूण केली. जरा तिरकी आली आहे.