इस्तंबूलचा नंबर

"कितवा नंबर आला?"

चहाचा ट्रे टेबलावर ठेवता ठेवता मावशी विचारायच्या. क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं. नवखा पाहुणा गोंधळून माझ्याकडं बघायचा. मी सांगायचो, "इस्तंबूलचा विचारताहेत."

गारखेड्यातल्या एका छोट्या गेस्ट हाऊसमध्ये त्या स्वयंपाक करायच्या. मी टूरिस्ट गाइड. वेरूळला जाणारे पाहुणे सकाळी तिथूनच घ्यायचो, त्यामुळं दिवसाचा पहिला चहा त्यांच्याच हातचा. चार प्रवासी नाश्त्याला एकत्र बसले की काय होतं, तुम्हीही पाहिलं असेल. जायचं असतं वेरूळला आणि बोलणं चालतं पॅरिसचं. कुणीतरी फोनवर जगातल्या आवडत्या शहरांची क्रमवारी काढतं, टोकियोवाले आणि रोमवाले समोरासमोर येतात आणि पोहे तसेच राहतात. आधी मावशींना त्यात काही रस नव्हता. "गार व्हायलेत पोहे," एवढंच त्या म्हणायच्या, "शहरं कुठं पळून जात नायत."

मग ती सकाळ आली. नागपूरचे एक निवृत्त काका इस्तंबूलच पहिलं म्हणून हट्टाला पेटले होते. समोर पुण्याची एक तरुण डॉक्टर बसली होती. "काका, एवढं काय आहे तिथं?" तिनं विचारलं, तसा काकांनी फोनच पुढं केला. समुद्र झाला, मशिदी झाल्या. मग एक अरुंद गल्ली आली. चहाची टपरी, एक मांजर, आणि बाकावर पाठमोरा बसलेला माणूस. शिरा वाढायला मावशी शेजारी उभ्या होत्या. त्यांचा डाव मध्येच थांबला. काकांनी पुढचा फोटो आणला होता.

"मागचा दाखवा," मावशी म्हणाल्या.

काकांनी दाखवला.

"आमचे हे हायत."

कुणी हसलं नाही. मला त्यांची गोष्ट ठाऊक होती. नवरा एका कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला आणि त्याचं बोलणंही बंद पडलं. एका संध्याकाळी "केस कापून येतो" म्हणून घरातून निघाला. मुकुंदवाडीतल्या न्हाव्यानं केस कापले, मान झटकून दिली, तो दुकानातून उतरला, आणि त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो झाला, शिर्डी झाली, नांदेड झालं. वर्षं गेली.

मी हळूच म्हणालो, "मावशी, हा परदेश आहे. त्यांचा तर पासपोर्टही नव्हता."

"ते बी खरंच हाय." त्यांची नजर फोनवरून हलली नाही. "पण केस बघा ना भाऊ. ताजे कापलेत."

काका त्या दिवशी वेरूळला गेलेच नाहीत. चौकातल्या दुकानातून तो फोटो मोठा करून आणला आणि मावशींच्या हातात दिला.

तेव्हापासून नंबराची चौकशी सुरू झाली. इस्तंबूल वर गेलं म्हटलं की मावशी खूश. एखाद्या जाणत्या पाहुण्यानं बेधडक "पहिला आला!" म्हणून ठोकून दिलं की त्याच्या थालीपिठावर लोण्याचा मोठा गोळा यायचा. पॅरिसवाल्यांना चटणीसुद्धा मागून घ्यावी लागायची. आम्ही हसायचो. एकदा मी विचारलंच, "मावशी, नंबराचं काय घेऊन बसलात?"

त्या कणीक मळत होत्या. "नंबर वर आला की लोक लई जातेत तिथं. तेवढे डोळे वाढतेत. कोण ना कोण बघंलच की ह्यांना."

त्यानंतर मला त्या प्रश्नावर हसू आलं नाही.

पुण्याची ती डॉक्टर मात्र ते दृश्य विसरली नव्हती. पुढं कामानिमित्त ती खरोखरच इस्तंबूलला गेली, काकांना फोन करून गल्ली विचारून घेतली, टपरी शोधली. परत आल्यावर आईवडलांना वेरूळ दाखवायच्या निमित्तानं आमच्याकडं उतरली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं फोन पुढं धरला. तीच टपरी, तोच बाक. पण आता माणसाचं तोंड कॅमेऱ्याकडं होतं. निळे डोळे, पांढऱ्या मिशा, हातात चहाचा पेला, तोंडभर हसू.

"मावशी, हे तिथलेच आहेत. रोज त्याच बाकावर बसतात. मी विचारून आले."

मावशींनी ओले हात पदराला पुसले, फोन घेतला. बराच वेळ बघत राहिल्या.

"चांगला माणूस दिसतोय," त्या म्हणाल्या. मग फोन परत देताना, "म्हंजे आमचे हे तिथून बी गेले."

डॉक्टरला वाटलं होतं, खरं कळलं की त्या सुटतील. ती दारातच बसून रडायला लागली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "तू कशाला रडतीस बाय? तू जाऊन तर आलीस. एवढं कोण करतंय?"

पुन्हा कधी त्यांनी नंबर विचारला नाही. टेबलावर शहरांची भांडणं चालायची, त्या ताटं ठेवून आत जायच्या. हळूहळू वाळत गेल्या. शेवटी त्यांचा भाऊ त्यांना दौलताबादला घरी घेऊन गेला, आणि तिथंच त्या गेल्या.

निरोप आला तसा मी पोचलो. अंगणात आंघोळ घालून झाली होती, आणि बायका अडल्या होत्या. हिरवं लुगडं नेसवायचं, चुडा भरायचा, का साधंच न्यायचं? सवाष्ण म्हणून न्यायचं का विधवा? इतकी वर्षं लोक हे त्यांच्या माघारी कुजबुजत होते. आता उत्तर देणं भाग होतं. सासरकडचे एक म्हातारे म्हणाले, "इतकी वर्षं झाली, आता काय..."

भावजय उठली. "सकाळी कुंकू लावूनच डोळे मिटले तिनं. आपण कोण पुसणार? हिरवं काढा."

बांगड्या हातात ठरत नव्हत्या, इतकी मनगटं बारीक झाली होती. भावजयीनं त्या दोऱ्यानं बांधल्या.

"चला," भाऊ म्हणाला. कुणी हललं नाही. कुणी काही ठरवलं नव्हतं, तरी आम्ही सगळे, ते म्हातारेसुद्धा, रस्त्याकडं तोंड करून उभे होतो. किल्ल्याच्या बाजूनं एक माणूस चालत येत होता. तो जवळ येईपर्यंत आम्ही थांबलो.

तो मधल्याच गल्लीत वळला. मग आम्ही खांदा दिला.