चुलीसमोरचं भूत
आज पेपरात जुन्या सिनेमांच्या पोस्टरांच्या लिलावाची बातमी होती. भुताखेतांच्या पोस्टरांचे भाव म्हणे दरवर्षी चढतच चाललेत. सोबत छापलेलं हिरव्या तोंडाचं भूत पाहिलं आणि मला एकदम पोस्टर चिकटवायच्या खळीचा आंबूस वास आला. साठच्या दशकात मी लोणावळ्याजवळच्या भाजे गावच्या शाळेत शिकवत होते. एका एकट्या म्हातारीचं अर्धं घर मी भाड्याने घेतलं होतं. मध्ये कुडाची भिंत आणि दोन्हीकडे वेगळ्या चुली. थंडीत तिच्या बाजूला फटींतून वारा घुसायचा, म्हणून लोणावळ्याच्या थिएटरातून उतरवलेलं भुताच्या सिनेमाचं एक पोस्टर मी तिला फटींवर चिकटवायला आणून दिलं. चित्र आत दडवून कोरी बाजू वर ठेवा, असं बजावून शाळेत गेले. संध्याकाळी बघते तर सुळे काढलेलं ते भूत तिच्या चुलीसमोर! "मावशी, भीती नाही वाटत?" भाकरी थापता थापता ती म्हणाली, "भ्या कशाचं, बाई? इतकी वर्सं जेवताना समोर कुनीच न्हवतं. आता हाय की." मी हसत हसत पलीकडे माझ्या चुलीशी गेले. आज दुपारी पेपरातलं ते चित्र कापलं, चमचाभर कणकेची खळ शिजवली आणि माझ्या एकटीच्या जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलं.