मागून थोडे अजून

त्या हिवाळ्याची आठवण निघाली की सलूनवाल्याची बायको अजूनही नकळत मानेवरून हात फिरवते. थंडी म्हणावी तर तीच, बाकीच्या नुसत्या हुलकावण्या, असं तिचं ठाम मत आहे.

थंडीच तशी होती. शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे टपाल कचेरीतला कारकून. त्याचा डावा गाल झाला आणि उजव्या गालावरचा साबण जागच्या जागी गोठला. वस्तरा त्यावरून घसरायला लागला. उरलेली दाढी ऊन पडल्यावर करू, असं सांगून कारकून अर्धा पांढरा निघून गेला. त्यानंतर गावात कोणी टोपीच काढेना. केस म्हणजे फुकटची लोकर, ती कोण कापून घेणार?

सलूनवाल्याचा जीव टांगणीला लागला. घरात खायला होतं, जळण होतं. काळजी होती ती हाताची. रिकामा बसलेला हात कात्री विसरतो, असं त्याचे वडील सांगून गेले होते. म्हणून त्याने मुलाला खुर्चीत बसवलं आणि पार भादरला. मग थोरलीचा नंबर लागला, पाठोपाठ धाकटीचा. मग त्याच्या आईचा, कारण तिला पोटच्या पोराला नाही म्हणवेना. पुढे त्याने केरसुणी इतकी सारखी कापली की तिने केर निघेना. मांजराची शेपटी आकारात आणली, तेव्हा मांजर शेजाऱ्यांकडे कायमचं राहायला गेलं. घरातले जेवतानासुद्धा टोप्या घालू लागले. "केसाने गळा कापणारे पुष्कळ पाहिले," म्हातारी सुनेला म्हणाली, "हा मेला सरळ केसच कापतो."

राहिली होती फक्त बायकोची वेणी. गुडघ्यापर्यंतची. ती वेणीचे दोन वेढे गळ्याभोवती घ्यायची आणि उरलेल्या शेपट्यात हात खुपसून धाकटी झोपायची. सलूनवाल्याने वेणी कधी मागितली नाही. नुसता बायकोभोवती फिरत हवेत कात्री चालवायचा. पण एका सकाळी त्याच्या हातातली कपबशी वाजायला लागली. थंडीने होतं, म्हणाला. बसला होता चुलीला चिकटून.

तेव्हा मात्र बायको घाबरली. हात गेलेला हा माणूस उरलेला जन्म करणार काय, हे तिला सुचेना. ती उठली आणि खुर्चीत जाऊन बसली.

"कापा."

"अगं, वेड लागलंय का? घरातलं पांघरूण आहे ते."

"कापलं म्हणून पांघरूण पळून जातंय थोडंच? पोरी गळ्यात घालतील. तुमचा हात गेला तर मी कुठून आणू?"

वेणी मानेपासून सुटली. धाकटीने ती लगेच गळ्याला गुंडाळली आणि पोरांत पाळ्यांवरून भांडण लागलं. पण मागे जे उरलं ते बघवत नव्हतं. एक बाजू कानाशी, दुसरी खांद्याशी, मधे शेळीने चरून गेल्यासारखं. सलूनवाल्याने आरशात पाहिलं आणि कात्री खाली केली. त्याचे डोळे भरले. पण तिने मान ताठ केली आणि त्या खुर्चीत गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं म्हणत आली तेच म्हणाली.

"मागून थोडे अजून."

त्याने कापले. ती पुन्हा तेच म्हणाली. मागे काही शिल्लक नव्हतं, तरी म्हणत राहिली. हात थरथरायचा थांबला, तोवर तिचं डोकं मुलासारखंच झालं होतं.

ऊन पडलं तसा कारकून हजर झाला. डाव्या गालाची तो घरीच करत होता, उजवा मात्र इमानाने राखून ठेवलेला, दाढी छातीपर्यंत. मागच्या बाकावर ओळीने बसलेलं टोपीवालं घर पाहून तो जरा बिचकला, पण बसला. बायकोने श्वास रोखला. वस्तरा एका दमात खाली उतरला. साधा ओरखडासुद्धा नाही.

कारकून खूश झाला. आलोच आहे तर केसही उरकून घेऊ, म्हणून त्याने टोपी काढली. केस झाल्यावर मानेवर हात फिरवून म्हणाला, "मागून थोडे अजून."

बाकावरच्या सगळ्यांनी आपापल्या टोप्या दोन्ही हातांनी गच्च धरल्या. बायकोने तेवढी आपली काढली, बघू दे कारकुनाला काय बघायचं ते म्हणून, आणि ती इतकी हसली की तिला रडू आवरेना.