पठ्ठ्याची कमी कोणाला सांगावी

आमच्या तालमीत एक रीत आहे. पठ्ठ्याचं बळ चारचौघांत सांगावं, पण त्याची कमी त्याच्या एकट्याच्या कानात सांगावी. तिसऱ्याला ती कळता कामा नये. याला सवलत एकच. पठ्ठ्या दुसऱ्या वस्तादाच्या हाताखाली जाणार असेल, तर नवा वस्ताद जुन्याच्या घरी नारळ घेऊन येतो. नारळ ठेवला की जुन्याने काही लपवायचं नाही. वैद्याला सांगावं तसं सगळं सांगायचं.

माझा भाचा नारळ घेऊन आला होता. हे आधीच सांगतो, कारण पुढे लोक म्हणाले म्हातारा बरळला. मी बरळलो नाही. नारळ ठेवला म्हणून बोललो.

तालीम म्हणजे विक्रोळीला आमच्या चाळीमागे, खाडीच्या अंगाला, पत्र्याची एक लांबट खोली आणि आत लाल मातीचा हौदा. मी गिरणीत होतो, गिरणी सुटली. मग इथल्या एका कारखान्याच्या गेटवर उभा राहिलो, तेही सुटलं. शाळा तर चौथीतच सुटली होती. तालीम तेवढी सुटली नाही. या मातीत मला कोणी चीत केलेलं नाही. बाहेर केलं असेल, ते वेगळं.

माझा एक पठ्ठ्या वेसाव्याचा, त्याला सगळे वेसाव्याचा असंच म्हणतात. माझ्याकडे आला तेव्हा मिसरूड फुटत होतं. कोळ्याचा मुलगा, बापाच्या होडीवर वाढलेला. मेट्रोने घाटकोपरला यायचा, तिथून रिक्षा. अंगाला माशांचा वास, बाकीचे नाक मुरडायचे. मी पहिल्याच दिवशी त्याचे पाय बघितले. डोलत्या होडीत उभं राहून वाढलेला माणूस पाय रोवत नाही, ढिले ठेवतो. त्याला कुठूनही ढकला, पाय आपले आपण जागा शोधतात. हे शिकवून येत नाही. बाकीचं मी शिकवलं. आणि सगळ्यात आधी काय शिकवलं तर, बाबा रे, काही झालं तरी पाठ मातीला लागू द्यायची नाही. पडलास तर पालथा हो. पालथा माणूस हरत नाही, उताणा हरतो.

पुढे तो पिंजऱ्यातल्या कुस्तीत गेला. एमएमए म्हणतात ते. लाथा, बुक्के, गळा आवळणं, सगळं चालतं. मला पटलं नाही. म्हटलं, ही काय कोंबड्यांची झुंज?

तो म्हणाला, "वस्ताद, तालमीतली कुस्ती बघायला आता येतो कोण? तुम्ही आणि ती मांजर."

"मांजरीला कळते तरी," मी म्हटलं.

हसला, पाया पडला आणि गेला. पण सकाळचा मातीत येत राहिला. त्याच्या झुंजी बघायला मीही जायला लागलो, अंधेरीच्या एका हॉलमध्ये. पहिल्यांदा नुसता गोंधळ वाटला. मग डोळा बसला. शेवटी दोन पाय, दोन हात आणि एक मान. कुठे भार आहे आणि कुठे नाही, एवढंच तर बघायचं असतं.

भाचा मुलुंडला एका जिममध्ये शिकवतो. थोरल्या बहिणीचा मुलगा, माझ्याच हौद्यात खेळलेला. गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी तो घरी आला. वेसाव्याचा तेव्हा बोटीवर गेला होता. भाच्याने नारळ काढला आणि माझ्यापुढे पाटावर ठेवला.

"मामा, वेसाव्याचा आमच्याकडे येतोय. आता माझ्या हाताखाली."

"मला बोलला नाही तो."

"लाजतोय तो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. मीच म्हटलं, मी जातो, रीतीने जातो."

एखादी चांगली जिम शोधतोय, हे वेसाव्याचा मला बोलला होताच. वाईट वाटलं. पण रीतीने आला, बरंही वाटलं. मी बोलायला लागलो.

म्हटलं, त्याची पकड बघ. जाळं ओढलेले हात आहेत, एकदा मनगट धरलं की सोडवता येणार नाही. दम मोठा आहे. राग येत नाही, ते सगळ्यात मोठं. मार खाल्ला तरी डोकं थंड. लांबून बुक्के मारणाऱ्यालाही तो पुरून उरेल, कारण त्याचे पाय कधी अडकत नाहीत.

"आणि कमी?" भाचा म्हणाला.

मी नारळाकडे बघितलं. मग त्याला म्हटलं, ऊठ, माझा पट काढ, पाय ओढून पाड मला. त्या दहा बाय बाराच्या खोलीत, चटईवर, मी म्हातारा पालथा पडून त्याला दाखवत होतो. आमची ही आतून ओरडली, "अहो, ह्या वयात काय ह्यां? कप फुटतले माझे!"

"तुझे कप उचल आधी," मी म्हटलं. भाचा हसत होता.

मी दाखवलं. वेसाव्याचा पडताना समोरच्याकडे बघत नाही, फक्त पाठ वाचवतो. डाव्या अंगावर वळतो, पालथा होतो आणि हातावर उठायला जातो. त्या वेळी हनुवटी वर जाते. मान उघडी. मातीत चालतं, तिथे कोणी गळा आवळत नाही. ही त्याची खोड नव्हे, शिक्षण आहे. पण पिंजऱ्यात त्याला कोणी पालथा होऊ दिलं आणि मागून विळखा घातला, तर संपला.

"हे त्याच्यातून काढ," मी म्हटलं. "हळू काढ. एकदम काढशील तर तो पडायलाच भिईल."

"काढतो, मामा," भाचा म्हणाला. पाया पडला. तो नारळ त्या रात्रीच्या बांगड्याच्या कालवणात गेला. चांगलं झालं होतं कालवण. मी दोनदा भात घेतला.

पंधरवड्याने अंधेरीला झुंज होती. वेसाव्याचा भेटायला आला तेव्हा मी जिमचं काही काढलं नाही. म्हटलं लाजतोय, बोलेल आपण होऊन. हॉलमध्ये मी पिंजऱ्याच्या जाळीजवळ बसलो. तो आला, त्याच्या कोपऱ्यात त्याचे दोन मित्र, वेसाव्याचेच. मी भाच्याला शोधत होतो. भाचा दिसला. समोरच्या कोपऱ्यात. खांद्यावर टॉवेल, हातात पाण्याची बाटली, आणि पुढे त्याच्या जिमचा गडी, जाडजूड मानेचा.

मला वाटलं चुकून तिकडे उभा राहिलाय. खरंच वाटलं. माणसाचं मन कुठवर आपल्या माणसाची बाजू घेतं बघा.

पहिली फेरी वेसाव्याच्याने नुसती खेळवली. मुलुंडच्या गड्याला हात लावू दिला नाही. दुसऱ्या फेरीत त्या गड्याने वेसाव्याच्याचा पट काढला. वेसाव्याचा पडला. डाव्या अंगावर वळला. आणि भाचा जाळीला तोंड लावून ओरडला, "पालथा होऊ दे त्याला! होऊ दे पालथा! आता मान!"

माझे शब्द. माझ्या चटईवरचे.

विळखा बसला. वेसाव्याच्याने थोडा वेळ सोसलं, मग हाताने जमीन थोपटली. हार मानली की तसं थोपटायचं असतं. एवढ्या वर्षांत मी त्याला कधी जमीन थोपटायला शिकवलं नव्हतं. कुठे शिकला कोण जाणे.

झुंज संपल्यावर मी बाहेर जिन्यापाशी उभा होतो. वेसाव्याचा आला. मान लाल झालेली, आवाज बसलेला. माझ्याकडे यायला दोन पावलं राहिली असतील, तेवढ्यात भाचा मधे आला. तोंडभर हसत.

"मामा! तुमची नजर म्हणजे काय! तुम्ही दाखवलंत तसंच झालं, अगदी तसंच!" आणि माझ्या पायांवर वाकला.

मी पाय मागे घेतले. तालमीत यापेक्षा मोठी शिवी नाही. वाकलेल्या माणसापुढून वस्तादाने पाय मागे घेतले की तो त्या मातीतून उठला. भाचा तसाच वाकलेला राहिला, मग बुटाची लेस बांधायला लागला. बूट बिनलेसचे होते.

"नारळ ठेवलास ना रे?" मी विचारलं.

"मामा, आता कोण मानतं ते? धंदा आहे हा."

वेसाव्याच्याने सगळं ऐकलं होतं. तो मला म्हणाला, "वस्ताद, तुम्ही सांगितलंत?"

मी म्हटलं, "सांगितलं."

नारळाचा अर्थ त्याला ठाऊक होता. कसं, का, काय समजून, एक शब्द विचारला नाही त्याने. माझ्या हातची माती अंगाला लावून वाढलेला माणूस, आणि एवढ्या पटकन विश्वास बसला त्याचा. भाच्याने केलं ते केलं. पण हे मला जास्त लागलं. मग मीही जिना उतरून निघालो. वस्ताद पठ्ठ्यापुढे हात जोडून आपली बाजू मांडत नसतो.

आमची ही रोज म्हणायची, "फोन करून सांगा ना, भाचो खोटा बोललो म्हणून. तोंडाक काय कुलूप लागलाहा?" मी फोन केला नाही. दिवाळीला बहिणीकडून फराळ आला, तो डबा न उघडता परत पाठवला. बहीण अजून बोलत नाही.

पण सकाळी तालमीत मन लागेना. शेवटी मी मेट्रोने वेसाव्याला गेलो. तो किनाऱ्यावर आईबरोबर जाळं निवडत बसला होता. आईने मला बघितलं आणि तोंड फिरवलं. मी तिथेच वाळूत उभा राहिलो.

"तुला पाठीवर पडायला शिकवतो," मी म्हटलं. "उताणं पडून लढता येतं. पायाने कमर धरायची. मी बघून ठेवलंय. ये उद्यापासून."

त्याने जाळ्यातून मान वर केली नाही. "आणि ते शिकलो की कोणाला सांगणार, वस्ताद?"

मी चपला झटकल्या आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी हौद्याची माती मी एकट्यानेच उकरली. मग दार उघडं ठेवलं आणि मातीत उताणा पडलो. मुद्दाम. पाय वर घेऊन बघितले, समोरच्याची कमर कशी धरता येईल, कुठून वळता येईल. गुडघे कुरकुरले. इतकी वर्षं त्या तालमीत काढली, पण वरचा पत्रा आतून असा मी कधी बघितलाच नव्हता. केवढा गंज चढलाय त्याला. एका कोपऱ्यात भोक पडलंय, तिथून उजेड थेट तोंडावर येतो.

मांजर दारात बसून बघत होती. तिच्यामागे अजून कोणी आलेलं नाही. दार मी रोज उघडं ठेवतो.